हिरवे झालेले मोड

मर्गिलान, १६ मार्च १९९८

ति. सलोमत ओपास,
धाकट्या बहिणीचा, मुअत्तरचा सलाम वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल, मी सोडून. ओपा, नवरोजच्या तोंडावर माझ्या बालवाडीने अख्ख्या मोहल्ल्याचा सुमालक घालवला.

यंदा सुमालकाच्या गोड लापशीसाठी गव्हाला मोड आणायचं काम मी हौसेने मागून घेतलं. काहिलीचा सगळा कारभार मोहल्ल्याच्या आजी सोजिदा बुवींचा. त्या आधी नकोच म्हणत होत्या, एवढ्याशा पोरांना नवरोजचा गहू देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत म्हणाल्या. शेवटी मानल्या. मुलांनी गहू धुतला, भिजवला, परातींत पसरला, वर ओलं फडकं घातलं. पराती मी मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवल्या आणि तापाने घरी पडले. परत येऊन बघते तर सगळ्या पराती अंगणात, मुळ्याच्या वाफ्याशेजारी, फडकं काढून उन्हात. स्वयंपाकीणबाईंना वाटलं, मीच सांगितलं असेल. मोड हिरवेगार झालेले. आता शिजवले तर कडूजहर.

हे केलं झुल्हुमोरने. जिची आई या हिवाळ्यात गेली, तीच. का केलंस विचारलं तर नुसती खाली बघते. बुवी भर अंगणात म्हणाल्या की ज्या घरात नुकतं मयत झालं त्या पोरीला गव्हाला हात लावू दिलाच कसा, अपशकुनी, जड हात आहे तिचा. पोरीने ते ऐकलं. तेव्हापासून हात पाठीमागे घेऊन उभी असते, वाफ्याला पाणी घालायलाही येत नाही. तिचा बाप शाकिर, मागावरचा सरळ माणूस, लोकांच्या तोंडाला कंटाळून तिला कोकंदला बहिणीकडे कायमची ठेवायचं म्हणतोय. ओपा, ती तिथे मिटून जाईल गं. काहीतरी सुचव.

लोभ तर आहेच, या वेळी थोडी अक्कलही पाठव.
तुझी मुअत्तर

ताश्कंद, २२ मार्च

चि. मुअत्तर हिस,
ओपाचे अनेक आशीर्वाद.

गुडघा माझ्यासारखाच कुरकुरतो, पण चालतो. तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. हिवाळाभर खिडकीत टोमॅटोची रोपं ठेवून पोरांना काय घोकवलंस? ऊन हवं, ऊन हवं. पोरीने ऐकलं, झालं. सुमालकाचा गहू तेवढा उजेड न दाखवता वाढवायचा, हे सांगितलंस का? आपल्याला ते आईच्या पोटातूनच माहीत असतं, म्हणून सांगायचं सुचत नाही. चूक तुझी आहे. बुवींसमोर आणि पोरीसमोर कबूल कर, नाक कापलं जात नाही त्याने.

सुमालक अजून महिनाभर शिजवता येईल. नवा गहू बुवींनाच बालवाडीत बसून करायला सांग. म्हाताऱ्या माणसाला शिकवा म्हटलं की ते विरघळतं, मी स्वतःवरून सांगते. आणि शाकिरला म्हणावं, पोरगी म्हणजे कापडाचा तागा नव्हे, इकडून तिकडे पाठवायला.

रागावलीस तरी चालेल, पण लिहायचं सोडू नकोस.
सलोमत

मर्गिलान, ९ एप्रिल

ति. ओपास,
सलाम वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. बुवींनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या की शिकवणारीच अर्धवट तर पोरं काय करणार. तेवढ्यावर सुटले. दुसऱ्या दिवशी गहू घेऊन स्वतः आल्या.

मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली. झुल्हुमोर दाराशीच. बुवींनी पराती झाकल्या आणि सांगितलं की हा गहू अंधारातच राहायला हवा. तेव्हा झुल्हुमोर बोलली. म्हणाली, त्याला अंधारात एकट्याला भीती वाटते, म्हणून तर मी बाहेर नेला होता.

ओपा, तुझा तर्क चुकला. उन्हाचा धडा तिच्या मनातही नव्हता.

बुवी उंबऱ्यावरच बसल्या. मग म्हणाल्या, "वाटते भीती. म्हणून त्याच्याजवळ बसून बोलायचं असतं." असा काही रिवाज आपल्याकडे नाही, तुला ठाऊक आहे. पण रोज दुपारी दोघी त्या बंद दाराशी बसायच्या. पोरगी फटीला तोंड लावून मुळ्यांच्या, मांजरीच्या गोष्टी सांगायची. पाणीही तीच शिंपडायची, स्वतःच्या हाताने. सुमालक गोड झाला. मोड कोणाच्या हातचे, हे बुवींनी प्रत्येक वाटीबरोबर बायकांना सांगितलं. शाकिर आता कोकंदचं नाव काढत नाही.

काल मात्र तो पोरीसह माझ्या दारात येऊन रडायला लागला. झुल्हुमोर म्हणत होती, कबरस्तानात चला, आईजवळ कोणीच बोलत बसलेलं नाही. पोरीला एकटा कसा नेऊ, तुम्ही येता का, असं त्याने मला विचारलं. मी डोक्याला रुमाल बांधून बाहेर आले तोवर त्याचं रडणं ऐकून आलेल्या सोजिदा बुवी पोरीचा हात धरून गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या.

आज एवढंच लिहवतं. माया असू दे.
तुझी मुअत्तर