बॉल वजनात धरावा

२ नोव्हेंबर, रविवार

सोमेश्वरचा फोन. तीस तारखेला संभाजीनगरला त्याच्या क्लबात गोल्फ. बियाणं कंपन्यांची बडी मंडळी येणार, पेपरवाल्यांपैकी मी एकटा. तुला येतं ना, असं त्याने विचारलं. येतं म्हणालो. हे असत्य नव्हे, चार आठवड्यांनी खरं होणारं विधान आहे. दहावीला ज्याने माझ्या वहीवरून संस्कृतची शब्दरूपं घोकली आणि तरी पस्तिसावर अडकला, त्याला जे जमतं ते मला न जमायला काय झालं?

खेळ मात्र मुळातच किळसवाणा. एक चेंडू भोकात घालण्यासाठी निम्मा दिवस उन्हात चालायचं, त्यासाठी वर्गणी भरायची आणि वर त्याला विश्रांती म्हणायचं. तरी शिकणार. तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑनलाइन मागवलेलं सामान आलं. सात नंबरची लोखंडी काठी (कुणीतरी वापरून टाकलेली) आणि जुन्या बॉलची पिशवी. माळ्यावरची जळमटं काढायला काठी बरी पडेल, असं सुरेखाचं मत पडलं. संसारात शास्त्राला प्रतिष्ठा नाही.

व्हिडिओ पाहिला. त्यातला गोरा म्हणतो, खांदे सैल सोडा. पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या सभा ऐकून बातम्या देतोय. माझे खांदे आता सुटायचे नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी

गच्चीवर पहिला फटका. आवाज उत्तम. बॉल किंचित उजवीकडे वळून शेजारच्या कापडवाल्यांच्या पाण्याच्या टाकीत. ते वर आले. मी त्यांना मनगटाचं महत्त्व समजावलं, त्यांनी मला टाकीची किंमत समजावली. जुना जालना ही खेळाची जागाच नाही. दर रविवारी हसनाबादला धाकट्या भागवतकडे जाऊन सराव करायचा. ठरलं.

९ नोव्हेंबर, रविवार. हसनाबाद

जागा आदर्श. सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान, समोर बांधावर कडुलिंब, उजव्या हाताला फुटलेला कापूस. लिंब हे लक्ष्य.

भागवत येऊन उभा राहिला. बॉल लिंबापाशी पोचला की काय करायचं, असं त्याने विचारलं. तिथून पुढे मारायचा, म्हणालो. आणि मंग? मंग भोकात. भोकातून काढून पुन्हा मारायचा, हे ऐकल्यावर तो मोटर चालू करायला निघून गेला. माझ्या सख्ख्या भावाला फलाची एवढी आसक्ती असावी, याचा विषाद वाटला.

सगळे बॉल लांब गेले. इतके लांब की एकही दिसला नाही. थोडे उजवीकडे झुकतात. कारण वारा. परतताना भागवतला तसं सांगितलं. आज वारा न्हाई दादा, म्हणाला.

१६ नोव्हेंबर, रविवार. हसनाबाद

दोन तास कापसात शोध. वाळलेल्या बोंडांनी हात सोलवटले. पांढऱ्या बॉलचा खेळ ज्याने काढला, त्याने आयुष्यात फुटलेला कापूस पाहिलेला नसणार. असल्या अडाण्याचा खेळ आपण खेळतो, याचीच शिसारी येते.

शेवटी व्यवस्था मीच लावली. सगुणाबाई आणि चार बायका वेचणीला होत्या. त्यांना बजावलं, पांढरा बॉल दिसला तर दगड समजून भिरकावू नका, कापसासारखा जपा. वेचणीची मजुरी किलोवर असते. सगुणाबाईंनी लुगड्याची ओटी सावरत विचारलं, "बॉल वजनात धरताल का न्हाई भाऊ?" धरा, म्हणालो. मोठेपणा असा सहज दाखवता आला पाहिजे. बायका खूश. भागवत तेव्हा गावात गेला होता. त्याला सांगायचं राहिलं, पण एवढ्या तेवढ्यासाठी त्याला कशाला त्रास?

२३ नोव्हेंबर, रविवार. हसनाबाद

एकही बॉल परत आला नाही. अनुमान स्पष्ट आहे. कापसात पडलेच नाहीत, पलीकडच्या शिवारात गेले. म्हणजे फटका माझ्या कल्पनेपेक्षा मोठा. आज उरलेले मारले. तेही दिसेनासे झाले. खिशात आता एकच आहे.

येताना चौकटीची पँट आणि पांढरी टोपी घेतली. बँड पथकात कोणतं वाद्य वाजवता, असं दुकानदाराने आदराने विचारलं. या शहरात राहण्यात अर्थ नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भागवतचा फोन. आवाज फुललेला. यंदा कापूस वजनाला चांगला भरतोय, उद्या गाडी भरून जिनिंग गिरणीला नेतो. गिरणीचे मालक बद्रीनाथशेठ भागवतच्या कापसात हात घालून बघत नाहीत, एवढा विश्वास. बाकीच्यांची गाडी रांगेत, याची थेट काट्यावर. हे तो दर वर्षी सांगतो आणि मी दर वर्षी ऐकतो. या वर्षी त्याला माझ्या फटक्याच्या लांबीबद्दल सांगणार होतो. फोन ठेवून दिला त्याने. अरसिक.

सुरेखाने विचारलं, परवा नाहीच जमलं तर? हसलो.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी सहा

पँट चढवली. पोटावर जरा आवळते, पण ताठ उभं राहायला मदतच. सोमेश्वरची गाडी सातला येणार.

तीच तारीख. पावणेसात

भागवतच्या बायकोचा, द्वारकाबाईंचा फोन. रडत होत्या. कालपासून गाडी जिनिंगला अडकवली आहे. कापसात वजनं निघाली. पांढरी, गोल, टणक. भागवतने वजन वाढवायला टाकली, असं शेठ चारचौघांत म्हणाले. यंत्रात गेली असती तर मोडतोड झाली असती, ठिणगी पडली असती. भागवतने वजनं पाहिली, ओळखली आणि गप्प बसला. माझं नाव सांगितलं नाही. द्वारकाबाईंनी सांगू का विचारलं, तर दादाचा आज मोठ्या लोकांत कार्यक्रम आहे, म्हणाला.

दहा मिनिटांचं काम. जाऊन तांत्रिक खुलासा करतो. साडेनवापर्यंत मैदानावर. सोमेश्वरला तसं कळवलं.

तीच तारीख. संध्याकाळी

खुलासा केला. कंदुकक्रीडेचं स्वरूप, सराव, सगुणाबाईंना दिलेला शब्द, सगळं क्रमाने. आवारात दहा-बारा शेतकरी होते. ते माझ्या पँटकडे पाहत होते. भागवत मान खाली घालून गाडीच्या चाकापाशी बसलेला.

शेठनी विचारलं, एकूण बॉल किती? हे मला सांगता येईना. मी ते गेले म्हणून मोजले नव्हते, लांब गेले म्हणून आनंद मानला होता.

मग शेठ म्हणाले, "हसनाबादेत असला खेळ कोन खेळतं? भावाला वाचवायला आलात तुमी. खरे खेळाडू आसाल तर मारून दाखवा."

काठी हातात होती. खिशातला बॉल काढून ठेवला. समोर आवाराचं फाटक उघडं, त्याच्या पलीकडे रिकामं मैदान. डाव्या, उजव्या हाताला माणसं नव्हती. उजवीकडे फक्त भागवतचा कापूस, गाडीतून उतरवून ढीग घातलेला. या एका फटक्यावर भावाची अब्रू होती. आयुष्यात इतका सरळ उभा कधी राहिलो नव्हतो. खांदेही सुटले. फाटकावर नजर ठेवून मारला.

बॉल निघाला सरळ. मग उजवीकडे वळला आणि ढिगात शिरला.

शेठनी ढिगाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बराबर हाय," म्हणाले. "बॉल ह्यांचेच."

भागवतला खुर्ची आली, चहा आला. मला खुर्ची आली नाही. सगळा ढीग हाताने चाळून बॉल काढायचे, मगच काट्यावर घ्यायचा, असं ठरलं. मी, भागवत आणि द्वारकाबाई चाळत बसलो. नाकातोंडात कापूस. सोमेश्वरने ग्रुप फोटो पाठवला. सगळ्यांच्या पँटी साध्या होत्या.

दुपारनंतर भागवत पहिल्यांदा बोलला. "दादा, आज न्हेमका लागला तुमचा."

घरी येऊन सुरेखाला सांगितलं, मुद्दामच तिकडे मारला. तिने माझ्या कानात अडकलेला कापूस काढून माझ्या हातावर ठेवला.

काठी माळ्याच्या जळमटांसाठी दिली. ढिगात आज मारलेला बॉल अजून सापडलेला नाही. उद्या सकाळी आठला पुन्हा जिनिंगला जायचं आहे. पँट दुसरी घालून.