बर्फातली घुगरी

प्रिय अमर,

'प्रिय' लिहून पेन थोडा वेळ खाली ठेवला होता. शब्द खोडावासा वाटत होता, पण खोडला नाही, कारण तो खोटा नाही. बाकीचं पत्र मात्र रागात लिहिलेलं आहे, तसंच वाच. तुझा मेसेज परवा मिळाला. याडी तुझा फोन का घेत नाही, सख्खी आई असून राजस्थानच्या ट्रिपला येणार की नाही ते का सांगत नाही, आणि ताई, तू तिच्या डोक्यात काही भरवलंस का, असं तू विचारलंस. खाली हसरं तोंड. मला लगेच फोन करता आला असता, पण फोनवर तू मला हसवतोस. वर्गातली पोरं माझ्या नुसत्या बघण्यानं गप्प होतात, आणि तू एकदा 'मास्तरीणबाई' म्हणालास की मला हसू फुटतं आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून हा कागद.

डिसेंबरात तू पुण्याहून तुझी कॅम्पर घेऊन आलास तेव्हा ती मालेगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच अडकली आणि अर्धी गल्ली बघायला जमली. आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडक्यांना पडदे. बाहेर मोठ्या अक्षरांत 'चालता तांडा'. आसेगावजवळ आपल्या तांड्यावर याडीला घ्यायला गेलो, तर तिनं गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, "याले बैल कुठं जुपतं रे?" तू तेही रेकॉर्ड केलंस. मग आत चढून तिनं गादी दाबून पाहिली, छताला हात लावला आणि कोपीपेक्षा बरं आहे असं सर्टिफिकेट दिलं. तुझ्या कॅमेरावाल्या मित्राला, इमादला, कोपी म्हणजे काय ते कळेना. कारंज्याच्या कापूस व्यापाऱ्याचा मुलगा तो, त्याला कुठून कळणार. मी त्याला सांगितलं, ऊसतोडीला गेलं की फडाजवळ पाचटाची उभारतात ती, वाकून आत शिरायची झोपडी. तुला मात्र सांगायला नको होतं. दिवाळी झाली की बा आणि याडी कोयते बांधून निघायचे, तू आश्रमशाळेत आणि मी मामाकडे. याडीचं सगळं तरुणपण त्या कोप्यांत गेलं. तुझ्या व्हिडिओत तू म्हणतोस की आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरले आणि तोच प्रवास तू पुढे नेतोस. छान बोलतोस तू. पण अमर, तुझ्या व्हिडिओत बैल आहेत, मीठ आहे, ऊस कुठेच नाही. जी खरोखर फिरली ती बाई तुझ्या मागच्या सीटवर बसली होती आणि तिला तू एक प्रश्न विचारला नाहीस.

तरी खरं सांगते, जातानाचे दिवस मला आवडले होते. तू गाडी चांगली चालवतोस. खड्डा आला की आरशात याडीकडे बघायचास, ते मी पाहिलं आहे. ती खिडकीशी बसून परक्या मुलखातली पिकं ओळखायची आणि चुकली की शेतकऱ्यालाच नावं ठेवायची. हिमाचलात त्या देवदारांच्या गावात पोचलो आणि सकाळी दार उघडलं तर सगळं पांढरं. आपण दोघं ओरडलो. ती खाली उतरली, चिमूटभर बर्फ तोंडात टाकला आणि म्हणाली, "याले चवच नाही." इमाद हसून हसून खाली बसला. त्या क्षणी मला वाटलं होतं, या पोरानं आपल्या आईला केवढं दाखवलं. ते वाटणं मी परत घेत नाही. पण त्यानंतर जे झालं त्याचा राग त्यामुळेच जास्त आहे.

डोंगर चढायला निघालो तेव्हा तू आम्हाला एवढंच सांगितलं होतंस की वरच्या माळावरून सगळी शिखरं दिसतात. गावातल्या माणसानं पाऊलवाट दाखवली, घसरडं आहे, सावकाश जा म्हणाला. याडी माझे जुने बूट घालून, तुझी लोकरी टोपी कानांवर ओढून, काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. माळावर पोचलो. वारा असा होता की बोललेलं तोंडातच राहत होतं. तिथं तू पाठीवरची बॅग उघडलीस आणि आतून घेराचा फेटिया काढलास, कांचळी काढलीस, आरशांची ओढणी काढलीस. पुण्यात भाड्यानं मिळतात म्हणालास. सूर्य वर यायच्या आत शॉट घ्यायचा होता. मी म्हटलं, इथं? तू म्हणालास, पाच मिनिटं फक्त. एका खडकाच्या आडोशाला मी तिचं स्वेटर काढलं. कांचळीला पाठ नसते, नुसत्या नाड्या असतात, हे तुला माहीत आहे. तिच्या पाठीवर काटा उभा राहिलेला मी बघत होते आणि नाड्या बांधत होते. ती म्हणत होती, घट्ट बांध, सुटली तर पोराचं काम बिघडन.

आणि मग तू घुगरी आणलीस.

बा गेला तेव्हा तू बंगळूरहून निघालेला होतास. तू पोचलास तोवर सगळं उरकलं होतं, म्हणून तू न पाहिलेलं आज तुला सांगते. याडीनं फेटिया सोडून लुगडं कधीच धरलं होतं, पण कानशिलांवरची चांदीची घुगरी तिनं सोडली नव्हती. लग्नात केसांत गुंफलेली ती, नवरा असेपर्यंत राहते. त्या दिवशी बाया तिला शेताच्या बांधापलीकडे घेऊन गेल्या. इतक्या वर्षांत केस आणि चांदी एक झाली होती, गाठ सुटेना. शेवटी एका म्हातारीनं विळ्यानं केसच कापले. याडी त्या वेळी रडली नाही, फक्त दोन्ही तळहात कानांवर धरून बसली, खूप आवाज होत असल्यासारखी. तिथले केस नंतर नीट आलेच नाहीत. म्हणून तर त्या माळावर तुझी भाड्याची घुगरी अडकेना आणि तुला पिना लावाव्या लागल्या. पिना लावताना तुला कळलं नाही का रे, की इथं केस का नाहीत?

लहानपणी तू तिची घुगरी मुठीत धरून झोपायचास. मला वाटतं तुझ्या डोळ्यांत ती अजून तशीच आहे, घुगरीवाली. एवढंच असतं तर मी चिडले नसते, रडले असते. पण मी तुला बाजूला ओढून सांगितलं. स्पष्ट सांगितलं, अमर, बा गेल्यापासून हे तिच्या अंगावर नाही, काढ. तुला समजलं होतं, मी तुझा चेहरा ओळखते. आणि मग तू म्हणालास, "ताई, बघणाऱ्याला काय कळतंय? फ्रेम भरून दिसते." तिकडून याडी म्हणाली, "होऊ दे मंजू. लांबून आला तो." इमादनं कॅमेरा खाली घेतला होता. काकू थरथरून राहिल्यात, पुरे कर, असं तो म्हणाला. तू त्याच्या हातातून कॅमेरा घेतलास आणि स्वतः शूट केलंस. पाच मिनिटं कुठली, सूर्य डोक्यावर आला होता. परत येताना इंदूरपर्यंत ती तुझ्या पलंगावर तीन पांघरुणांखाली खोकत होती, आणि तू पुढं बसून एडिटिंगचं बोलत होतास.

आता तू म्हणशील, एवढी शिकलेली ताई आणि विधवेनं काय घालू नये ते मला सांगते. तो विळा मला आजही स्वप्नात दिसतो. याडीनं कधीही म्हटलं असतं की मंजू, मला घुगरी घालायची आहे, तर मी माझ्या हातानं घातली असती आणि तिच्याबरोबर तांड्यातून फिरले असते, कोण काय म्हणतं बघू म्हणून. पण तिनं म्हटलं नाही. ज्यांनी ती उतरवली त्या बायांनी तिला विचारलं नव्हतं, आणि ज्यानं पुन्हा चढवली त्यानंही विचारलं नाही. तुझ्यात आणि त्या विळ्यात मला फार फरक दिसत नाही.

बघणाऱ्याला काय कळतंय, म्हणालास. तांड्यावर घरोघरी फोन आहे. तुझा व्हिडिओ तू टाकलास त्याच संध्याकाळी सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी नळावर एकीनं याडीला विचारलं, "हिरीबाई, बर्फात लगन लावलं म्हणते तुयं. नवरदेव काहून नाही आणला वो?" सगळ्या हसल्या. याडीही हसली म्हणे. हंडा भरून घरी आली आणि त्यानंतर नळावर गेली नाही. आता शेजारची मुलगी पाणी आणून देते. मी तुला तेव्हाच फोन केला होता, व्हिडिओ काढून टाक म्हणून. जॅकेटच्या कंपनीशी जाहिरातीचं बोलणं झालंय, पंधरा दिवस थांब, लोक विसरतात, असं तू म्हणालास. तांडा विसरत नाही. माघात नीताचं लग्न आहे, आपल्या मागच्या घरातली नीता, तुझ्या खांद्यावर बसायची ती. तुला आठवत असेल, तांड्यातल्या प्रत्येक नवरीला ढावलो कोण शिकवतं. सासरी जाताना आईबापाच्या गळ्यात पडून रडत म्हणायची ती गाणी याडीइतकी कुणालाच येत नाहीत. मला तिनंच शिकवली. लग्नाआधी महिनाभर संध्याकाळी पोरी आपल्या ओट्यावर येऊन बसायच्या, आणि कोयता धरून धरून घट्टे पडलेल्या हातानं ती नवरीच्या पाठीवर ठेका धरायची. यंदा नीता दुसऱ्या घरी बसते. तिथलं गाणं आपल्या ओट्यावर ऐकू येतं. याडी आत बसून ऐकते आणि चुकलेली ओळ हळूच बरोबर करून म्हणते. हे मी रविवारी माझ्या कानांनी ऐकलं.

त्याच रविवारी नीता स्वतः आली. मला आजीकडूनच शिकायचं म्हणाली. मागोमाग तिची आई आली. मला वाटलं भांडेल, पण ती भांडली नाही. पदर सावरून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आमी काही दुश्मन नाही, मंजू. अमरदीपनं येऊन बायांपुढं सांगावं, का घुगरी मायनं नाही घातली, म्या घातली. आमी त्याच संध्याकाळी इथं येऊन बसतो." याडीनं ते आतून ऐकलं. त्या दोघी गेल्यावर मला म्हणाली, त्याले बोलावू नको, तो लाजन, मोठ्या लोकांत राह्यते. मग म्हणाली की तूच त्याला एक पत्र लिही, फोनवर तो गोड बोलून मले गाडीत बसवते. लिही की तब्येत बरी आहे, गुडघे दुखतात, म्हणून राजस्थानला येणं होत नाही. एवढंच लिही, असं तिनं मला दोनदा बजावलं, आणि मी एवढंच लिहायला बसले होते. तिचे गुडघे दुखत नाहीत, अमर. ती तुझ्यासाठी खोटं बोलते आहे, कांचळीच्या नाड्या घट्ट बांध म्हणाली तेव्हासारखं. तिला विचारलंस तर म्हणेल, येऊ नको बेटा, थंडी आहे. या वेळी तिचं ऐकू नकोस. येत्या रविवारी ये, कॅमेरा न घेता ये, आणि नळावर जाऊन स्वतःच्या तोंडानं सांग. नाही आलास तर मी तिला सांगेन की तिनं सांगितलं तेवढंच, गुडघ्यांचंच पत्र पाठवलं, आणि तिच्यासारखंच तुझ्यासाठी खोटं बोलायला मलाही शिकावं लागेल.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
मंजूताई