रेडिंगचा बऱ्हाटे मी कसा आणला

रविवार, २७ एप्रिल २०२५. संध्याकाळी सहा.

हरलो. एकोणीस–दोन. ते दोनसुद्धा समोरच्यांनी दया येऊन दिले असं मोहन्या म्हणतो. मोहन्या म्हणजे मोहन भावसार. कौन्सिलातून रिटायर झाला, तोंड अजून नोकरीवर आहे.

आमचा पिचर क्रेग. धंद्याने प्लंबर. त्याचा बॉल कुठे जाईल ते त्याला माहीत नसतं आणि बॉलला तर नसतंच. अशा माणसाला मी घरचा नळ दाखवणार नाही.

वेद, माझा नातू, या ब्रॅकनेल हेजहॉग्ज टीमचा मॅनेजर, कॅप्टन आणि हमाल. घरात सगळे क्रिकेटवाले आणि हा बेसबॉल खेळतो. पहिल्या वर्षी मी नाक मुरडलं. आता अंपायरपेक्षा मला जास्त कळतं. आज दोनदा ओरडून सांगितलं त्याला. ऐकलं नाही. गोऱ्यांना मोठ्या माणसाचं ऐकायची सवय नाही.

दर रविवारी नऊला वेदच्या गाडीत पुढच्या सीटवर मी. गुडघा वाकत नाही म्हणून पुढे. मागे बॅटी, बेसेस, कॅचरचं चिलखत, घड्या घालायच्या खुर्च्या. माणसं दोनच मावतात, तो आणि मी. बाकी सहा दिवस घरात. सून नीना वरच्या खोलीत लॅपटॉपशी बोलते. संजय, माझा मुलगा, जेवताना फोनशी. मला काही फरक पडत नाही. मी काही माणसांची भुकेली नाही. रविवारी जाते ती टीमला गरज आहे म्हणून.

ठरवलं. पुढच्या रविवारी मोहन्याशी अवाक्षर बोलायचं नाही.

रविवार, ४ मे. संध्याकाळ.

बोलले. त्यानेच भाग पाडलं.

आमचे फॅन म्हणजे चार खुर्च्या. मी, मोहन्या, त्याची बायको मधुमती आणि स्कोअर लिहिणारा केथ. चौदा–एक झाल्यावर मोहन्याने काढलं, रेडिंगचा अंशुमन बऱ्हाटे आपल्याकडे आणला पाहिजे. युनिव्हर्सिटीत शिकतो, ताशी पंच्याऐंशी मैलांनी टाकतो, अख्ख्या लीगमध्ये त्याच्यासारखा नाही. केथ म्हणाला, तो कशाला येतोय, आणि आला तर परवडणार कोणाला. तिकडे त्याला क्लबची फी माफ, बूट नवे, ग्लोव्ह अमेरिकेतून मागवलेला. मोहन्याने बिस्किटाच्या वेष्टनावर हिशेब मांडला. दोन हजार पौंड. क्लबकडे तीनशे दहा.

मग जुंपली. केथ म्हणे, हा फॅमिली क्लब आहे, इथे माणसं विकत घेत नाहीत. मोहन्या म्हणे, अशी कसली फॅमिली, दर रविवारी मार खाऊन घरी जाते. केथ म्हणे, मग आधी क्रेगला विका. मोहन्या म्हणे, फुकट नेला कोणी तर वर सँडविच देतो. मधुमतीने दोन तासांत पहिल्यांदा फोनमधून मान वर केली आणि विचारलं, मुलगा दिसायला कसाय? तिची भाची आहे तीस वर्षांची.

तेव्हा मी म्हटलं, गप्प बसा सगळे. बऱ्हाटे म्हणजे आमच्या खानदेशातल्या सावद्याकडचे. मी आजवर एकतीस लग्नं जमवली. एकोणतीस अजून टिकून आहेत. उरलेल्या दोनांत माझा दोष नव्हता. सून आणणं काय आणि पिचर आणणं काय. बोलणी करता आली पाहिजेत.

मोहन्या हसला. वहिनी, हे लग्न नाहीये, म्हणाला. त्या हसण्यासाठी तरी आता आणणार.

येताना गाडीत वेद म्हणाला, आजी, प्लीज, तू यात पडू नको. म्हणजे मनातून त्याला हवाय.

रविवार, ११ मे.

रेडिंगशी मॅच, त्यांच्या मैदानावर. बऱ्हाट्याने आमच्या पोरांना चौदा वेळा बॅटला बॉल लागू न देता परत पाठवलं. वेदला तीन वेळा. तिसऱ्यांदा मी टाळी वाजवली. वेदने बघितलं. बघू दे. स्थळ बघायला गेलं की आपलं-परकं करायचं नसतं.

मॅच संपल्यावर भरिताचा डबा घेऊन त्यांच्या बाकापाशी गेले. पोरगा नमस्कार बरा करतो. पण म्हणाला, आजी, सॉरी, मी वांगं नाही खात, यात प्रोटीन काय आहे? बऱ्हाटे आडनाव आणि वांगं खात नाही! डोळे मिटून गिळलं. त्याचं बोलणं, भरीत नव्हे. भरीत येताना वेदने खाल्लं.

गाव विचारलं. आईबाप पुण्याला, वाकडला. आजोबा कुठले, तर म्हणे बहुतेक भुसावळ. बहुतेक! तरी भुसावळ ते सावदा किती लांब. नातंच निघालं म्हणायचं.

बाकीचं मावशीशी बोला म्हणाला. निधी मावशी, आपल्याच ब्रॅकनेलमध्ये एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. २४ तारखेला शनिवारी घरी बोलावलंय दोघांना. मोहन्याला कळवलं. फोनवर दोन मिनिटं गप्प होता. सोन्यासारखी दोन मिनिटं.

गुरुवार, २२ मे. सकाळ.

बैठकीची तयारी. लाडू झाले. संजयला इस्त्रीचा शर्ट घालायला सांगितलं. म्हणाला, आई, कशासाठी, पिचर येतोय ना? याच्या लग्नालाही असाच विचारत होता.

नीट विचार केला. तो त्याची टीम सोडून आपल्या टीममध्ये नांदायला येणार. म्हणजे मुलगी त्यांची, मुलाकडचे आपण. मुलाकडच्यांनी बोलायचं कमी, घाई दाखवायची नाही, पहिल्या मागणीला खिडकीबाहेर बघायचं. दोन हजारांवरून पाचशेवर आणते की नाही बघा.

शनिवार, २४ मे. साडेसात.

जमलं!

आधी लिहून ठेवते, बोलणी माझ्याच हातात होती. कोणी काही म्हणो.

निधीबाई पावणेपाचला आल्या. पंधरा मिनिटं लवकर. हे मला आवडलं नाही. लाडू खाल्ला नाही, शुगर आहे. लॅपटॉप उघडून आमच्या टीव्हीला जोडला. पाच स्लाइड. पहिल्यावरच म्हणाल्या, आमच्या मुलाच्या अपेक्षा अशा आहेत. आमच्या मुलाच्या! म्हणजे बाईला वाटतंय मुलाकडचे तेच. मी समजावायला तोंड उघडलं, तोवर दुसरी स्लाइड लागली.

फी माफ. मी खिडकीबाहेर बघितलं. निधीबाईंनी पण बघितलं. दोघी बघत बसलो. शेवटी म्हटलं, ठीक, फीचं सोडा, आम्ही काही फीसाठी अडून बसणारी माणसं नाही. हे मी सोडलं, त्यांनी मिळवलं नाही.

बूट आणि ग्लोव्ह. मोहन्या खोकायला लागला. त्याच्या तोंडात लाडू कोंबला. वेद म्हणाला, मी स्पेनच्या सुट्टीसाठी पैसे ठेवलेत, ते वापरू. शहाणं पोर. स्पेनमध्ये काय आहे.

दर मॅचला जेवण, घरचं चिकन. माझ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांत अंडं फुटलेलं नाही. पण समोरच्याने एक डबा मागितला की आपण दोन म्हणायचं, त्याने ते ओशाळतात. दोन म्हटलं. निधीबाईंनी लिहून घेतलं, दोन.

शेवटची स्लाइड. मुलाकडे लायसन्स नाही, रविवारी ट्रेनचा भरवसा नाही. तेव्हा रेडिंगहून आणायचं आणि परत सोडायचं. सीट पुढची, कारण सामानात अवघडून बसलं तर बॉल टाकायचा हात धरतो. वेद माझ्याकडे बघायला लागला. संजय पण. नीनासुद्धा लॅपटॉप नसताना बघायला लागली. वेद म्हणाला, आजी, पण माझी गाडी छोटी आहे. मी डोळे वटारले. एवढं सगळं जमत आलेलं आणि जाण्यायेण्यावरून मोडायचं? मी म्हटलं, एवढंच ना? मान करायचा तर पुरता करायचा. गाडी दर रविवारी तुमच्या दारात उभी राहील.

अंशुमन वाकून पाया पडला. निधीबाईंनी हात मिळवला. मोहन्या जाताना दारात म्हणाला, वहिनी, त्यांनी मागितलं नाही असं काय राहिलं? जळतोय मेला.

रविवार, १ जून. ९:४०.

वेद आठलाच रेडिंगला गेला. जाताना म्हणाला, आजी, दोन फेऱ्या केल्या असत्या, पण वॉर्मअपला उशीर होतो. मी म्हटलं, मला कामं आहेत. आहेतच. नवं माणूस आलं की मोठ्यांनी पहिल्या दिवशी जरा बाजूला राहावं. मी मुद्दामच नाही गेले. चिकनचे दोन डबे पाठवले. घर अजून वास मारतंय.

३:१०. जिंकलो, अकरा–शून्य! हेजहॉग्जच्या इतिहासात नाही असं. कोणी केलं? मी.

नीना विचारत होती, आई, गार्डन सेंटरला येता का. कुंड्या बघायला. अजून मी तेवढी म्हातारी झालेली नाही.

शनिवार, ७ जून.

मोहन्याच्या गाडीतून जाऊन त्याच्या डोक्यावर उपकार करावेत असा विचार केला. फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, मागे बसाल का, मधुमतीला मागे बसलं की गाडी लागते. माझा गुडघा मागे मावत नाही हे त्याला तीन वर्षं माहीत आहे. मी म्हटलं, छे, मी तर प्रकृती विचारायला फोन केला. त्याने चाळीस मिनिटं प्रकृती सांगितली.

ठरवलं. मोहन्याला पुन्हा फोन नाही.

रविवार, ८ जून. चार वाजता.

जिंकलो. पंधरा–एक. तो एक कोणी दिला याची चौकशी करायला मी तिथे हवी होते.

मॅच कशी झाली म्हणून वेदला विचारलं. म्हणाला, गुड. एवढंच. गाडीत असताना हाच पोरगा अर्धा तास बोलतो.

रविवार, १५ जून. संध्याकाळ.

बसने गेले. कोणाची मिंधी नाही. रविवारची बस तासाला एक, ती पण रमतगमत. उतरल्यावर चढण. दोनदा भिंतीवर बसले. पोचले तर पावणेदोन. आणि सगळे खुर्च्या घडी करतायत!

हा पोरगा इतका भारी टाकतो की मॅच पुरी होतच नाही. दहाचा फरक पडला की अर्ध्यातच थांबवतात, समोरच्यांची कीव म्हणून. क्रेगच्या वेळी कसं, चार-चार तास खेळ चालायचा. पैसे वसूल.

माझ्या खुर्चीत निधीबाई. मधुमतीशी गुळपीठ, भाचीचे फोटो चाललेले. केथ म्हणाला, अरे, हॅलो, खूप दिवसांनी. दोन रविवार चुकले म्हणजे खूप दिवस? मोहन्या एका नव्या माणसाला सांगत होता की अंशुमनला कसा त्यानेच हेरला, त्यानेच आणला, घरी बैठक वगैरे घेऊन. मी मागे उभी. वळून म्हणतो कसा, आणि या वहिनी, यांनी लाडू केले होते.

अंशुमन धावत आला. आजी, चिकन मस्त असतं, फक्त तिखट जरा कमी करा.

वेदला त्याला सोडायला जायचं होतं. म्हणाला, आजी, थांब, मी येतो परत, तासाभरात. मी म्हटलं, बस आहे. पंचेचाळीस मिनिटं स्टॉपवर. वाऱ्यात.

सोमवार, १६ जून. सकाळ.

निर्णय घेतला. जमवता येतं तसं मोडताही येतं. चांगल्या स्थळाबद्दल चार शब्द इकडचे तिकडे झाले की पुरतात.

निधीबाईंना फोन केला. आडून आडून सांगितलं. मैदान उतरतं आहे, पोराचा पाय मुरगळेल. क्रेगला फार वाईट वाटलंय, प्लंबरचे हात, काय करेल सांगता येत नाही. आणि वेदची गाडी, ब्रेक धड नाहीत हो, आम्हीच जीव मुठीत धरून बसायचो.

बाई म्हणाल्या, थँक यू, तुम्ही किती मोकळेपणाने सांगता. नोट केलं.

हलली. पाच दिवसांत मुलगा परत रेडिंगला जातो की नाही बघा.

शुक्रवार, २० जून.

वेदने गाडी गॅरेजला दिली होती. नवे ब्रेक, वर मागच्या चाकांचं काहीतरी. मावशींचा ईमेल आला म्हणे, सेफ्टीबद्दल. क्रेगला मोहन्या जेवायला घेऊन गेला, तो आता खुशीत सेकंड बेस खेळतो. अंशुमनने पुढच्या वर्षाचंही लिहून दिलंय.

माझं बत्तिसावं. हेही टिकणार असं दिसतंय.

वेद आत येऊन म्हणाला, आजी, तुला यायचं असेल तर मी काहीतरी मॅनेज करतो. मी म्हटलं, जा, काही मॅनेज करू नकोस. एकदा शब्द दिला तो दिला. आणखी दोनदा विचारलं असतं तर हो म्हणणार होते. त्याने एकदाच विचारलं.

रविवार, २२ जून. ८:०५.

गाडी गेली. ब्रेक चांगले लागलेत, कोपऱ्यावर आवाज येत नाही.

११:३०. नीना खाली आली. आई, आज मॅच नाही? मी म्हटलं, आहे. मला तसा बेसबॉल कधीच आवडला नव्हता. ती म्हणाली, मग चहा टाकते दोघींना. टाकला. पाणचट.

१:४०. वेदचा मेसेज. तेरा–शून्य, पाचव्या इनिंगमध्येच संपली.

नीनाने विचारलं, काय झालं, कोण जिंकलं?

मी म्हटलं, ते जिंकले.