पदर सुटे राहावेत म्हणून

आई, गेल्या महिन्यात धाकटीच्या गर्भाशयातल्या गाठी काढल्या. ती बरी आहे, काल दिलसुखनगरात एकटीच फिरून आली. पण ऑपरेशनआधी ती फार घाबरली होती, आणि ते तुझ्यामुळे. तुझंही पहिलं ऑपरेशन असंच साधं होतं. त्यानंतर तू सुलतान बाजारात खरेदी करता करता पोट धरून दुकानाच्या पायरीवर बसायचीस आणि सगळे त्याला गॅस म्हणायचे. शेवटी डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडलं तेव्हा कळलं, आतडी एकमेकांना चिकटली होती. ती सोडवली, तर काही वर्षांत पुन्हा चिकटली.

तुला त्याचा राग यायचा नाही, नवल वाटायचं. तारनाक्याच्या घरी स्वयंपाकघरात एकदा तू पोळीला आतून तेलाचं बोट फिरवलंस, घडी घातलीस आणि मध्येच थांबलीस. मग तपासणीला गेलीस तेव्हा डॉक्टरांना विचारलंस, "आत तेल लावलं की पोळीचे पदर सुटतात. पोटात तसं काही घालता येत नाही का?" डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "अम्मा, अभी तो ऐसा कुछ नै है."

तिसऱ्या ऑपरेशननंतर तू घरी आली नाहीस.

आता तसं काही आहे, आई, आणि मी त्यावरच काम करते. जखम भरायला शरीर स्वतःचाच डिंक सोडतं, पण शेजारी कोण आहे हे त्या डिंकाला कळत नाही. म्हणून मध्ये पातळ जेल पसरायचं, कापसात असतं त्याच द्रव्यापासून केलेलं. जखम भरेपर्यंत ते टिकायला हवं, मग विरघळून जायला हवं. लवकर गेलं तर उपयोग नाही, रेंगाळलं तर शरीर त्याच्यावरच उठतं. हा मेळ घालण्यात माझी वर्षं गेली, अजून कंटाळा आलेला नाही.

ऑपरेशनआधी धाकटीने विचारलं, "हे मिळालं असतं तर आई वाचली असती?"

मी म्हटलं, "माहीत नाही. धोका कमी होतो, जात नाही." मग तिने डॉक्टरांना जेल घालायला सांगितलं.

नंतर त्यांनी मला ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला. काचेसारखं स्वच्छ जेल गर्भाशयावर पसरत होतं. कडेने ते ओघळतंय का, हे मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. डॉक्टरांना वाटलं, बहिणीची काळजी. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुला सांगते: ते पोट तिचं आहे, हे मी तेवढा वेळ साफ विसरले होते.