कोटावरचा ठिपका

ड्युसेलडॉर्फ, ११ ऑक्टोबर १९७३

प्रिय आई,

तुझे लोकरी मोजे पोचले. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी नको. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

आजोबांच्या स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह मी प्रदर्शनासाठी छापतेय. ‘जुने फोटो लहानच शोभतात, उगाच मोठे करू नकोस,’ असं तू दोनदा लिहिलंस. पण आमचे ब्रोकमनसर हट्टी. त्यांनी दाराएवढे छापायला लावले.

तेव्हा दिसलं. तुमच्या लग्नाच्या फोटोत बाबांच्या कोटावर, छातीशी, एक काळपट ठिपका. दुसऱ्या एका फोटोत आपल्या गावच्या पोस्टमास्तरांच्या कोटावरही तसाच. मी म्हटलं, काच खराब असेल. सर म्हणाले, "काच कसली, चाकू चाललाय हा! नाझी पक्षाचा बिल्ला खरवडलाय. लढाई हरल्यावर कितीजणांनी हेच केलं, पोरी."

दोन दिवस मी आजोबांवर चिडून होते. मग आठवलं, ते तर लढाई संपण्याआधीच गेले. आणि ओरखडे सगळे उलट्या बाजूला झुकलेत, तू बटाटे सोलतेस तसे. स्टुडिओत काम करणाऱ्यांत डावखुरी तू एकटीच होतीस.

आई, मी भांडायला लिहीत नाहीये. बाबांना विचारलंही नाही. त्यांना माहीत आहे का गं?

रविवारी उद्घाटन आहे. तू ये. फोटोखाली आजोबांचं नाव लिहून झालंय. त्याखालची ओळ मी कोरी ठेवलीय. ती तुझ्या डाव्या हातानं भर.

तुझीच,
गेर्लिंडे