एका फॉर्मात अख्खी गल्ली

३ जून, सोमवार. सकाळ.
आपल्या गल्लीत जमिनीखालून इंटरनेटची केबल येणार. गल्लीप्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली. निवड म्हणजे, सभा संपून सगळे दाराशी चपला शोधत होते. केबलच्या साहेबांनी विचारलं, कागद कोण सांभाळेल? खुर्चीवर मी एकटीच उरले होते. तरी निवड ती निवड.
अठ्ठावीस घरांपैकी वीस घरांनी फॉर्म भरले तर खोदाई आत येईल. शेवटची तारीख पंचवीस, संध्याकाळी पाच.
धाकट्या लेकीसाठी हे व्हायलाच हवं. ती घरी बसून कॉम्प्युटरवर एक्स-रे तपासते. मोबाइलच्या नेटवर एक एक्स-रे उघडेस्तोवर माझं दूध तापून निवतं. तिच्या ऑफिसने सांगितलंय, तीसपर्यंत घरी केबल येणार हे पक्कं करा, नाहीतर शहरात येऊन राहा. मोठी लग्न होऊन गेलीच. आता हीसुद्धा गेली तर घरात मी, हे आणि वन्सं.
जाणार नाही. मी प्रतिनिधी आहे.
संकल्प: रोज दोन घरं. रोज एक माळ जास्त.

५ जून, बुधवार.
साहेब गल्लीत मोजमापाला आले होते. छान समजावलं. केबल एकच, सगळ्यांची. तिच्यावरून हव्या त्या कंपनीचं इंटरनेट घ्या, नको वाटलं तर कंपनी बदला. रस्ता एक, गाड्या कुणाच्याही. ह्यांनी विचारलं, तुला कळलं का? म्हटलं, मॅट्रिकला विज्ञान होतं मला. तुम्हाला कळलं का ते बघा.
वन्सं म्हणाल्या, वहिनी, रस्ता दारात आहेच की, त्यावरून तरी कोण येतं आपल्याकडे? दुर्लक्ष केलं. नणंद आहे, देवाने परीक्षेला दिली आहे.

८ जून, शनिवार. दुपार.
नऊ फॉर्म आले. प्रत्येकाला फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स, दोन सह्या. गल्लीभर नुसती नासाडी. जप करताना एकदम लख्ख सुचलं. केबल जर एकच, तर फॉर्म वीस कशाला? रस्त्यासाठी काय घराघराने अर्ज करायचा असतो? आमचा एकच फॉर्म भरायचा. ‘वापरणाऱ्या व्यक्ती’ असा रकाना आहेच. अख्ख्या गल्लीची माणसं मोजली. तान्ही धरून एकशे सतरा.
हे इतक्या शिकलेल्या लोकांना सुचू नये?

९ जून, रविवार.
नऊ फॉर्म ज्याचे त्याला परत केले. शिंपीणबाई म्हणाल्या, बरं झालं बाई, फोटोत मी तशीही चोरासारखी दिसते. मास्तरीणबाईंचं मात्र आपलं, अहो, साहेबांना एकदा विचारून तर घ्या. म्हटलं, साधी गोष्ट आहे, विचारायचं काय त्यात? त्यांना दुसऱ्याच्या वहीत लाल रेघ मारल्याशिवाय करमत नाही.
उरलेल्या कोऱ्या फॉर्मांचे चार-चार तुकडे केले. पाठकोरे आहेत, वाण्याच्या यादीला वर्षभर पुरतील.

१४ जून, शुक्रवार.
फॉर्म केबलच्या ऑफिसातल्या पेटीत टाकला. खिडकीवर कोणी नव्हतं. नाहीतर कौतुक झालं असतं.
धाकटीने विचारलं, आई, किती घरं झाली? म्हटलं, सगळी. तिने मला मिठी मारली. कितीतरी दिवसांनी. हात पिठाचे होते म्हणून मला धरता आलं नाही. तिने लगेच शहरातल्या हॉस्टेलला कळवलं, धरून ठेवलेली खोली नको, मी घरीच राहतेय.
देवापुढे तुपाचा दिवा लावला. एरवी तेलाचाच असतो.

२४ जून, सोमवार.
साहेबांचा फोन. तुमच्या गल्लीतून एकच फॉर्म आलाय, आणि त्यातही एका घरात एकशे सतरा माणसं. तो बाद केलाय. म्हटलं, केबल एकच ना? म्हणाले, बाई, केबल एकच, पण ती घरात न्यायला ज्याची त्याची परवानगी नको? आणि किती घरं घेणार ते कळल्याशिवाय आम्ही खोदायचं कशाच्या भरवशावर?
हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. मास्तरीणबाई म्हणतात, सभेत सांगितलं होतं. असेल. गोंगाट किती होता.
धाकटी शेजारीच उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, बाकीचे फॉर्म कुठे आहेत? डब्यातून तुकडे काढून दिले. तिने एक उलटा केला. एका बाजूला परवानगी, दुसऱ्या बाजूला मीठ, साबण, काडेपेटी. मग चपला घालून नवे फॉर्म आणायला गेली.
तरी अजून एक दिवस आहे. एक दिवस म्हणजे पुष्कळ झाला.

२५ जून, मंगळवार.
घरं तिघांत वाटून घेतली. सगळीकडे मलाच ऐकून घ्यावं लागलं. औषधवाले म्हणाले, भरा, परत घ्या, पुन्हा भरा, ही गल्ली आहे की कवायत? पण भरला. शिंपीणबाईंनी चोरासारखा फोटो शोधून दिला. सहा घरांना कुलूप. दोघांनी दार उघडून पुन्हा लावलं.
पाचला दहा कमी असताना ऑफिसात पोचलो. खिडकीतल्या बाईंनी मोजले. एकोणीस. ह्यांनी मोजले. एकोणीस. धाकटी बोटांवर घरं म्हणत गेली. राहिलं कोण, राहिलं कोण. मग हे हळूच म्हणाले, आपलं.
आपलं तर आधीच दिलंय, असंच तिघांच्याही मनात. कोरा फॉर्म होता. धाकटी उभ्यानेच भरायला लागली. फोटो घरी. हे धावत गेले. ह्यांचं वय धावायचं नाही.
आले तेव्हा पाच वाजून सात मिनिटं. बाई म्हणाल्या, पाचला कॉम्प्युटर आपोआप बंद होतो हो, माझ्या हातात नाही. पुढची पाहणी दोन वर्षांनी.
देवाच्याच मनात नसेल.

२८ जून, शुक्रवार.
शेजारच्या गल्लीत खोदाई सुरू. काय ती धूळ! आपण वाचलो.
धाकटी बॅग भरते आहे. तिला सगळं वेळेवर लागतं, माझ्यावर गेलीय. वन्सं एकदाही टोचून बोलल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

३० जून, रविवार.
सकाळच्या बसने गेली. हॉस्टेलची खोली गेलीच होती. शहराच्या टोकाला तीन मुलींबरोबर राहणार आहे. रडले नाही. स्टँडवर ऊन फार होतं.
संकल्प: रोज फोन करायचा नाही. तिला काम असतं.

२ जुलै, मंगळवार. संध्याकाळ.
फोन केला. ठरवलंच होतं, तिला एकदा खरं ते सांगायचं. घरातल्या घरात गच्चीच्या जिन्यावर जरा बरं ऐकू येतं, तिथे बसले. म्हटलं, बाळ, चूक माझी होती. नऊ फॉर्म हातात आले होते. मास्तरीणबाई विचारा म्हणाल्या, मी विचारलं नाही. कमीपणा वाटला मला. तू राहावीस म्हणून सगळं करत होते, आणि मीच तुला घालवलं. इतकं सलग मी जन्मात कुणापुढे बोलले नव्हते. ती निमूट ऐकत होती. किती गुणी पोर.
कानापासून काढून बघितला, तर फोन कधीच कटला होता.
तिनेच परत लावला. म्हणाली, आई, ‘बाळ’नंतर काहीच आलं नाही. काय म्हणत होतीस?
म्हटलं, काही नाही गं. जेवलीस का?