त्या सकाळची न्याहारी

आप्पा, आज तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मी इथे आयर्लंडात, कॉर्कला, लेकीच्या स्वयंपाकघरात. नातवाच्या शाळेत इथल्या यादवी युद्धाचा धडा चालू आहे. शंभर वर्षं उलटली तरी कुणाचे पणजोबा कुठल्या बाजूला होते ते ही माणसं विसरत नाहीत. बाईंनी सांगितलं, आपापल्या घरातली अशी गोष्ट आणा. मी फुशारकीने सांगून बसले, की माझे वडील सतरा वर्षांचे शिकाऊ नाविक होते, सेहेचाळीस साली मुंबईला नाविकांनी गोऱ्या साहेबाविरुद्ध बंड केलं, आणि त्याची सुरुवात न्याहारी नाकारून झाली. ज्याने ताट सरकवलं तो बंडवाल्यांचा, ज्याने खाल्लं तो साहेबाचा. पोरगं म्हणतं, "सो आजी, डिड युअर मॅन ईट ऑर नॉट?" इथे कुणाही गृहस्थाला 'युअर मॅन' म्हणतात. सत्तरी ओलांडली, पण माझ्याच बापाचं मला ठाऊक नाही.

विचारायची सोय तरी कुठे ठेवलीत? मी नऊ वर्षांची आहे, पिठलं नको म्हणून ताट ढकलते. कधी आवाज न चढवणारे तुम्ही माझं मनगट धरता. "अन्नावर रुसायचं तर शेवटपर्यंत रुसता आलं पाहिजे. जमत नसेल तर मुकाट जेव." आई म्हणते, "अहो, पोरीवर कसला राग काढताय?" तुम्ही अर्ध्या ताटावरून उठता. मी रडत रडत सगळं संपवते. ते वाक्य मी जन्मभर उलटंपालटं करून पाहिलं. धड इकडे पडत नाही, धड तिकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची, मान्य. पण पोरीने त्या मुठीकडे किती वर्षं बघत बसायचं?

शेवटी नातवाला ठोकून दिलं, नाही जेवले. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. आता ते खरं झालं, आणि मला भाकरी थापताना भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघवत नाही. हा कागद प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या कपाटात, डाळीच्या डब्याखाली जाईल. एक मात्र सांगते. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तुम्ही आपणहून म्हणालात, "त्या सकाळी पाव गरम होता." मी म्हटलं, "बोलू नका आप्पा, धाप लागेल." तुम्हाला धाप लागत नव्हती.